सात नंबरचा टॉवेल

सोलापूरचा उन्हाळा अंगावर धावून येतो. मार्चअखेर एके सकाळी नऊ वाजताच स्कूटीची सीट चटका देते आणि आपण मनाशी म्हणतो, आला. मग दोन-अडीच महिने तो कुणाला सोडत नाही. सात रस्ता चौकातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचेपर्यंत तोंडाला बांधलेला स्कार्फ तापतो. सिग्नलला उभी असलेली माणसं एकमेकांकडं अशी बघतात, की आता कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवणार. वाजवतातही. या दिवसांत भांडणाला मोठं कारण लागत नाही. आरशाला आरसा घासला, पाण्याच्या रांगेत कुणाची घागर पुढं सरकली, तेवढं पुरतं.

मी स्वतः बारा महिने तापलेली असते, ते वेगळं. टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं चेकिंगला आहे. मागावर विणलेला प्रत्येक टॉवेल माझ्या टेबलावरून जातो आणि मी तो उजेडाला धरून त्यातली खोट शोधते. तुटलेल्या धाग्याची रेघ, तेलाचा डाग, सुटलेली किनार. इतकी वर्षं खोट शोधून जीभही तशीच झाली आहे. माझा नवरा म्हणतो, हिला देवळात नेलं तर ही देवाच्या मुकुटातलीही खोट काढेल. खरं आहे त्याचं.

आमच्याकडं उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे टॉवेल-टोपी. मांडवात मानाच्या पाहुण्याचं नाव पुकारायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. पाहुणा घरी जाऊन त्यानं पाय पुसेल, नाहीतर पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकेल. पण त्या घटकेला तो मान असतो, आणि तो चुकला तर माणसं भरल्या ताटावरून उठतात. म्हणून शेडचा पत्रा तापून तडतडत असतो नेमक्या त्याच दिवसांत आमचे चोवीस माग सगळ्यांत जोरात चालतात.

परवा या गडबडीतच टेबलावरचा मोबाईल थरथरला. कारखान्याचा ग्रुप. धाकट्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, विचारलं होतं, ‘दत्ता परत कामावर घ्या म्हणतोय. सात नंबरचा माग रिकामा आहे. सगळ्यांनी मत द्या.’ खाली ‘घ्या’ आणि ‘नको’ असे दोन पर्याय. बघता बघता ‘नको’ची रेघ लांबत गेली. कुणीतरी लिहिलं, ‘मारकुटा माणूस परत आत घ्यायचा?’ त्याखाली अंगठे पडायला लागले, एकावर एक.

मी मत दिलं नाही. मोबाईल पालथा घातला आणि पाणी प्यायला उठले. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा मी कसाबसा दाबून ठेवला होता, तो असा भर दुपारी उठून उभा राहिला.

मागाच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला नसाल, तर सांगते. तिथं माणसाचा आवाज चालत नाही. आडवा धागा घेऊन पळणारा लाकडी धोटा प्रत्येक मागात या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो, मिनिटाला शंभरदा. असे चोवीस. टोकाला लोखंड बसवलेला तो धोटा कधी सुटला, तर समोरच्याची बरगडी फोडून जातो. कानात दडे बसतात, घरी गेल्यावरही माणसं ओरडून बोलतात. त्यामुळं शेडमधली आमची भाषा हातांची. मनगट तोंडाकडं वळवलं की चहा. गळ्यावरून बोट फिरवलं की धागा तुटला. दोन्ही हातांची फुली केली आणि एखाद्याकडं बोट दाखवलं, म्हणजे त्याच्याशी मागाची अदलाबदल केली. अंगठा वर केला की समजलं.

खोट निघाली तर काय करायचं, याचीही रीत होती. मी तो टॉवेल घेऊन शेडमध्ये जायची, ज्या मागाचा असेल तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकायची आणि परत यायची. एक शब्द नाही. त्यानं तो सुट्टीची घंटा होईपर्यंत खांद्यावर वागवायचा. लग्नातल्या मानाचा हा उलटा आहेर. आजूबाजूचे दोघं-तिघं हसायचे, घंटा झाली की टॉवेल बाजूच्या ढिगात पडायचा आणि विषय संपायचा. या रीतीला मी दयाळू म्हणणार नाही. मोठमोठ्या माणसांचे कान लाल झालेले मी पाहिले आहेत. पण टॉवेल टाकायला मला त्या माणसापर्यंत चालत जावं लागायचं आणि त्याचं तोंड बघावं लागायचं.

मग धाकटे मालक शिकून आले आणि ग्रुप निघाला. खोटीचा फोटो काढायचा, मागाचा नंबर लिहायचा, विणणाऱ्याचं नाव लिहायचं. शेडमध्ये जायचं काम नाही. मला ग्रुप आवडला, हे कबूल करते. गुडघे दुखत होतेच, शिवाय नुसतं नाव लिहून गप्प बसणारी मी नव्हे. फोटोखाली एक तिखट ओळ टाकायची. चाळीस माणसं ती वाचायची, हसायची. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं, बाईंनी आज कुणाची चामडी सोलली बघा. माणसं माझ्या ओळीची वाट बघायला लागली आणि मला त्याची चटक लागली.

आपली बोली तशी मारकीच. लहानपणापासून आपण ऐकत आलो, तंगडं मोडीन, मुस्काट फोडीन, हात झडले का तुझे. माझी आई रोज सकाळी आमचा जीव घ्यायची आणि दुपारी डोक्याला तेल लावायची. तोंडानं म्हटलेलं वाऱ्यावर जातं, शेडमध्ये तर धोट्याच्या आवाजात कुणाला ऐकूही येत नाही. लिहिलेलं मात्र तिथंच राहतं. माणूस ते सकाळी वाचतो, बिडी ओढताना वाचतो, बायको जवळ नसताना पुन्हा वाचतो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं लिहून मी मोकळी होऊ शकते. पण मला थोडंफार कळत होतं.

त्या वर्षी एप्रिल फार वाईट होता. शेडमधले पंखे एकेक करून बंद पडले होते आणि चालू पंखा उरला होता एकच, सात नंबरच्या डोक्यावर. सात नंबर दत्ताचा. दत्ता वैरागकडचा, सव्विशीचा, हसरा. महिन्याभरानं त्याचं लग्न होतं. मला ताई म्हणायचा. पत्र्याच्या भिंतीला लागून एकोणीस नंबरवर मल्लेशम असायचा, साठीचा, पिढ्यान्‌पिढ्या विणकर असलेल्या तेलुगू घरातला म्हातारा. आदल्या दिवशी तो मागाजवळच चक्कर येऊन बसला होता. मालकांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आता आणखी एक खोट निघाली की घरी बसायचं.

सकाळी दत्तानं आपला माग मल्लेशमला दिला आणि स्वतः पत्र्याशी जाऊन उभा राहिला. तशी अदलाबदल झाली की चेकिंगला सांगायचं असतं, कारण ताक्यावर, म्हणजे विणून उतरलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर, नंबर मागाचा पडतो, माणसाचा नाही. त्यानं सांगितलं. शेडच्या दारात येऊन त्यानं हातांची फुली केली आणि म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं. मी टेबलाशी मान खाली घालून ग्रुपवर कुणालातरी उत्तर लिहीत होते. दारात कुणी हात हलवतंय एवढं डोळ्यांच्या कडेला दिसलं. मान वर न करताच मी अंगठा दाखवला.

दुपारी सात नंबरचा ताका आला. पांढऱ्या टॉवेलवर वीतभर तेलाचा डाग आणि मधोमध तुटक्या धाग्याची रेघ. मी फोटो काढला आणि लिहिलं, ‘सात नंबर. दत्ता. डोळे फुटले काय रे?’

पहिला अंगठा शिवाप्पाचा पडला. शिवाप्पा म्हणजे आमचा जॉबर, माग दुरुस्त करणारा आणि सगळ्या विणकरांवर हुकूम चालवणारा. अक्कलकोटच्या बाजूचा, भरदार मिशांचा, जिभेनं माझ्याच जातकुळीचा. त्या सकाळी तो मागाचे सुटे भाग आणायला बाहेर गेला होता, अदलाबदल त्याला ठाऊक नव्हती. मग हसणारी तोंडं आली. डोळ्याला पट्टी बांधलेल्या गाढवाचं चित्र आलं. कुणीतरी त्या गाढवाला दत्ताचं तोंड चिकटवलं. शिवाप्पानं लिहिलं, ‘नवरी तरी दिसंल का ह्याला, का मांडवातनं दुसऱ्याचीच घिऊन यील?’ त्याच्याखाली मी हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड टाकलं.

दारातून मला दत्ता दिसत होता, पण तो कुठल्या मागाशी उभा आहे हे मी पाहिलंच नाही. तो मोबाईल बघायचा, खिशात घालायचा, पुन्हा काढायचा. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, लाजला.

जेवणाच्या सुट्टीला माग थांबले. ते थांबले की जी शांतता होते, ती पहिल्यांदा कानाला लागतेच. शेडबाहेरच्या सावलीत डबे उघडले होते. शिवाप्पानं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, नवरीचा आवाज काढून. सगळे हसले. दत्ता उठला. शिवाप्पाच्याच पिशवीतून त्यानं मोठा पाना उचलला आणि वरून खाली, लाकूड फोडावं तसा, त्याच्या तोंडावर हाणला.

तो आवाज मला अजून येतो. ओला आणि टणक, दोन्ही. शिवाप्पा डब्यावर आडवा झाला. दत्तानं दुसरा घाव घातला, तिसरा घातला, आणि प्रत्येक घावाला तो दातओठ खात एकच म्हणत होता, “आता बग. आता बग.” चौघांनी त्याला मागं ओढलं, लाथा घातल्या, एकानं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. बाकीच्यांचे हात मोकळे नव्हते. पाच-सहा मोबाईल वर झाले होते. शिवाप्पाला टेम्पोत घालायच्या आधी ती मारामारी ग्रुपवर आली होती.

मी टेबलावरचे टॉवेल उचलून धावले. शिवाप्पाच्या तोंडावर एक दाबला, तो भिजला. दुसरा दाबला, तोही भिजला. लग्नाचे टॉवेल, पांढरेशुभ्र, गुलाबी किनारीचे, मी एकामागून एक लाल करत होते. तो ओरडत नव्हता. कन्नडमध्ये आईला हाक मारत होता, अगदी बारीक आवाजात. त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते मी लिहीत नाही.

दत्ताला धरून नेताना तो माझ्या जवळून गेला. नाकातून रक्त, शर्ट फाटलेला. थांबला आणि म्हणाला, “ताई, तुमाला तर म्हाईत हुतं की.”

मला काहीच कळलं नाही. संध्याकाळी पोलीस जबाब घेत होते तेव्हा मल्लेशम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “अम्मा, ते टॉवेल माझा होता. सात नंबरवर मी होतो. दत्तानं तुम्हाला सांगितला होता ना, हात करून?”

तेव्हा सगळा दिवस एकदम जुळला. दत्तानं सांगितलं होतं आणि मी अंगठा दाखवला होता. त्याची समजूत अशी की बाईंना ठाऊक आहे, म्हाताऱ्याचं काम जाऊ नये म्हणून मुद्दाम माझं नाव घातलंय. म्हणून तो गप्प राहिला. गाढव झाला तरी गप्प राहिला. आणि मग सगळं ठाऊक असलेल्या त्याच ताईनं त्याच्या नवरीवर दात काढले.

मी मल्लेशमला म्हटलं, “घरी जा मामा. कुणाला बोलू नको.” तो गेला. मग मी मोबाईल काढला, फोटो आणि ओळ दोन्ही सगळ्यांसाठी पुसली, ते हसरं तोंडही पुसलं. त्या जागी ग्रुपनं आपली नेहमीची ओळ आणून ठेवली, हा मेसेज डिलीट केला गेला. पोलिसांना सांगितलं, दत्तानं पाना मारला, मी डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं नव्हतं.

शिवाप्पाचा डोळा गेला. दत्ताचं लग्न मोडलं. तो काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला, तारखा अजून पडतात. त्यानं पोलिसांतही मल्लेशमचं नाव घेतलं नाही. मल्लेशम पुढं वर्षभर माझ्या नजरेला नजर न देता विणत राहिला आणि गेल्या पावसाळ्यात वारला. शिवाप्पा कामावर परत आला. सुईत दोरा घालताना तो मान वाकडी करतो. तशी त्याची मान वाकडी झाली, की मी दुसरीकडं बघते. तीन वर्षं हे चाललं आहे.

लोक म्हणतात, रागाच्या भरात झालं. उन्हाळा होता, डोकं फिरलं पोराचं. मला पहिला घाव शोधायची खोड आहे, खोट शोधायचीच ती सवय. पाना तर शेवटी आला. त्याच्या आधी शिवाप्पाची ओळ, त्याच्या आधी माझी, आणि माझ्या ओळीच्याही आधी तो अंगठा, मान वर न करता दाखवलेला. रक्त पाहून मला भीती वाटली होती. त्या अंगठ्याची मला शरम वाटते, आणि भीतीपेक्षा शरम जास्त दिवस टिकते हे मी अनुभवानं सांगते.

म्हणून परवा ‘नको’ची रेघ लांबताना पाहिली आणि मला घरी जेवण गेलं नाही. दत्ता या तीन वर्षांत हमाली करून आला, गवंड्याच्या हाताखाली राबून आला. विणण्याखेरीज त्याला कशातच गोडी नाही, हे मला ठाऊक आहे. सात नंबर मिळाला नाही तर एमआयडीसीत त्याला दुसरं कुणी उभं करणार नाही, कारण ती मारामारी अजून मोबाईलमोबाईलवर फिरते. तिच्यात पाना दिसतो. माझा अंगठा दिसत नाही.

काल जेवणाच्या सुट्टीला माग थांबल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. तिखट काही सुचलं नाही.

‘तीन वर्षांपूर्वीचा सात नंबरचा टॉवेल दत्ताचा नव्हता. मल्लेशमला चक्कर येत होती म्हणून दत्तानं पंख्याखालचा माग त्याला दिला होता आणि मला खूण करून सांगितलं होतं. मी न बघता अंगठा दाखवला. नंतर फोटो टाकला, हसले, आणि खरं कळल्यावर सगळं पुसून टाकलं. पोलिसांपाशीही गप्प बसले. चूक माझी. माझं मत, दत्ताला घ्या.’

पाठवलं. वाचल्याच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. एक अंगठा नाही, एक तोंड नाही. बाहेर डब्यांची खुडबुड थांबली होती. पत्रा तडतडत होता.

दारात शिवाप्पा दिसला. हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाना, काम करता करता उठून आला असावा. टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचा उजवा डोळा लाल झाला होता आणि डावा, काचेचा, थंड माझ्यावर रोखलेला.

“तीन वर्सं, अक्का,” तो म्हणाला. “दवाखान्यात माज्या उशाला बसून लिंबाचं सरबत पाजलं तुमी मला.”

“हो,” मी म्हटलं.

“तवा बी म्हाईत हुतं?”

“तेव्हाही.”

त्याचा पान्याचा हात वर आला. मी मागं सरकले नाही. खरं सांगते, मला तो घाव हवा होता. तीन वर्षं मी कुणाच्या तरी हाताची वाट बघत होते. पाना टेबलावर आदळला, माझ्या बोटांपासून दोन इंचांवर, आणि टेबलाचा पत्रा आत गेला. माझा मोबाईल उडून खाली पडला. तो उचलायला मी वाकले नाही.

“त्या पोराला मी पयल्यापासून वाईट बोललो,” तो म्हणाला. आवाज फाटत होता. “मला मारलं ते मारलं. त्याचं मी बगतो. पर तुमी मला सरबत पाजलं.”

त्यानं पाना उचलून कमरेला खोचला.

“सात नंबर जोडून ठेवतो,” शेवटी तो म्हणाला. “या म्हणावं त्याला. पर माज्या डाव्या अंगाला उबं ऱ्हायचं न्हाय. मला दिसला पायजे.”

मग त्यानं ढिगातला एक टॉवेल ओढला. सकाळीच मी बाजूला काढलेला, मधोमध रेघ गेलेला. तो त्यानं माझ्या खांद्यावर फेकला. फेकला म्हणजे असा, की टॉवेल असूनही खांद्याला लागला. आणि वळून निघून गेला.

घंटा व्हायला चार तास होते. मी टॉवेल सारखा केला आणि माग सुरू झाल्यावर शेडमध्ये गेले, एक नंबरपासून चोवीसपर्यंत, सगळ्यांच्या समोरून. धोटे आपटत होते. माणसं मान वर करून माझ्या खांद्याकडं बघत होती, मग माझ्या तोंडाकडं. कुणीही मोबाईल काढला नाही.